रिकाम्या डब्यांची विल्हेवाट

यादी आणि माणूस यांचं मूळचंच जमत नाही. यादीला सगळं एका मापाचं हवं असतं. माणूस मात्र कधी वय विसरतो, कधी घराचा नंबर विसरतो आणि कधी कोणालाही न कळवता मरून जातो. आजवर बिघडलेल्या सगळ्या याद्यांचा नीट अभ्यास केला, तर त्या माणसांमुळेच बिघडल्या असं दिसून येईल. माणसं काढून टाकली की कोणतीही यादी बिनचूक होते. इतकं साधं सत्य अमलात यायला संगणकाची वाट पाहावी लागली, ही खरोखर खेदाची बाब आहे.

हे सत्य ज्या ठिकाणी अमलात आलं, तो नेत्रशस्त्रक्रिया प्रतीक्षा यादी विभाग सरकारी रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होता. (ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठीचा विभाग जिन्याच्या टोकाला का, असं एकदा कोणीतरी लेखी विचारलं होतं. जिना या विभागाच्या अखत्यारीत येत नाही, असं लेखी उत्तर गेलं.) मोतीबिंदू झालेल्यांचे अर्ज घ्यायचे, तपासायचे आणि प्रत्येकाला ऑपरेशनची तारीख द्यायची, एवढंच विभागाचं काम. त्यासाठी विभागात चार टेबलं, अकरा कपाटं, एक साहेब आणि एक प्रोग्रामर होता. प्रोग्रामर कंत्राटी होता. बाकी सगळं कायम होतं, कपाटं धरून.

प्रोग्रामरने लिहिलेला प्रोग्राम रोज सकाळी साडेदहाला चाले. तो एकेक अर्ज उचलायचा, वय बघायचा, पत्ता बघायचा, डोळा कोणता ते बघायचा, तारीख द्यायचा आणि पुढचा अर्ज उचलायचा. काही विपरीत दिसलं, तर प्रोग्राम ‘अपवाद’ फेकत असे. फेकणे हा त्या धंद्यातलाच शब्द आहे. खालच्या पायरीने अपवाद फेकायचा, वरच्या पायरीने तो झेलायचा, आणि वरच्याने नाही झेलला तर सगळाच प्रोग्राम कोसळायचा, अशी ती रीत. कार्यालयात अशीच रीत पूर्वापार चालत आलेली आहे. फक्त तिथे वरचा फेकतो आणि खालचा झेलतो.

एका सोमवारी सतराव्या अर्जात वयाच्या रकान्यात ‘सत्तरच्या आसपास’ असं निघालं. टायपिंगच्या बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं होतं, कारण ‘अर्जदाराने लिहिले तसेच टंकित करावे’ असा नियम होता. प्रोग्रामला आसपास कळत नव्हतं. त्याने अपवाद फेकला, तो कोणीही झेलला नाही, आणि सतराव्या अर्जाबरोबर त्याच्या मागचे सगळे अर्ज आडवे झाले. त्या दिवशी तारीख मिळाली फक्त सोळा जणांना. मंगळवारी तेच झालं. बुधवारी वरून फोन आला.

पूर्वी असं होत नसे, कारण पूर्वी तारवाले काका होते. म्हणजे ते तेव्हाही होते, पण निवृत्तीला दोन महिने राहिल्यामुळे त्यांना कोणी हिशेबात धरत नव्हतं. काकांच्या टेबलामागे भिंतीला एक जाड तार टांगलेली होती, खाली टोकाशी वळवलेली. अर्जात खोट निघाली की काका तो अर्ज त्या तारेत ओवत, कोपऱ्यात शिसपेन्सिलीने कारण लिहीत आणि दुपारचा डबा खाऊन झाला की एकेकाला फोन लावत. ‘आजी, वय नक्की किती ते सांगा. नसेल आठवत तर मोठ्या मुलाचं सांगा, आपण हिशेब काढू.’ संध्याकाळपर्यंत तार निम्मी रिकामी होई. ही पद्धत अत्यंत मागासलेली होती. तिच्यात कोणताही तक्ता निघत नसे.

वरून फोन आल्यामुळे सल्लागार बोलावण्यात आले. सल्लागार तिशीचे होते, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हातात पडद्यावर लाल ठिपका पाडणारं यंत्र. त्यांनी पडद्यावरच्या पहिल्याच चित्रात सगळ्यांची झोप उडवली.

“तुमची चूक मुळातच आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडे माणूस यादीवरून चालतो. आमच्या पद्धतीत यादी स्वतः चालते.”

या पद्धतीला फंक्शनल पद्धत म्हणतात. तिच्यात यादी एका टोकाने आत शिरते, पायरीपायरीने रूप पालटते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. मध्ये कोणी थांबत नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. प्रत्येक पायरीने हातात आलेली वस्तू घ्यायची, तिचं जे करायचं ते करायचं आणि पुढे द्यायची. आजूबाजूला काय चाललंय याच्याशी तिने संबंध ठेवायचा नाही. या गुणाला ‘शुद्धता’ असं नाव आहे. पायरीने आपल्या कामापलीकडे काही केलं, कुठे काही लिहून ठेवलं, कोणाला काही कळवलं, तर तो ‘दुष्परिणाम’. शुद्ध पायरीला दुष्परिणाम नसतात.

“म्हणजे आमचा विभाग आधीपासूनच शुद्ध आहे,” साहेब म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं. “फक्त हे आमचे काका फोन करतात.”

“तो दुष्परिणाम,” सल्लागार म्हणाले.

आणि चूक निघाली तर काय करायचं? सल्लागारांनी खिशातून एक छोटी प्लॅस्टिकची डबी काढली, गोळ्या ठेवतात तसली. आमच्या पद्धतीत काही फेकत नाहीत, ते म्हणाले, आमच्या पद्धतीत प्रत्येक अर्ज डबीत ठेवतात. अर्ज नीट असेल तर डबी भरलेली, चुकीचा असेल तर डबी रिकामी. पुढची पायरी भरलेल्या डबीवर काम करते आणि रिकामी डबी तशीच पुढे सरकवते. ना आरडाओरडा, ना कोसळणं. यादी कधीच थांबत नाही.

“आणि शेवटी रिकाम्या डब्या कुठे जातात?” काकांनी विचारलं.

“कुठेच नाही. त्या काढून टाकतात. काका, त्यात काही नसतंच ना.”

“अर्ज होता की त्यात.”

“होता. चुकला, म्हणून आता नाही.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, मी जुना माणूस. चूक तारेला अडकवली की रोज डोळ्यासमोर लोंबते. लोंबली की लाज वाटते, आणि लाज वाटली की हात फोनकडे जातो. तुमच्या या डबीत लाज कुठे ठेवायची सांगा.”

“लाज हासुद्धा दुष्परिणामच आहे,” सल्लागार अगदी सौम्यपणे म्हणाले, आणि लाल ठिपका पुढच्या चित्रावर नेला.

पुढच्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. ते इतकं सुस्पष्ट होतं की त्यातली कलमं इथे उतरवून काढल्याशिवाय राहवत नाही:

१. प्रत्येक अर्ज डबीत ठेवण्यात यावा.

२. अर्जात दोष आढळल्यास डबी रिकामी करण्यात यावी. दोषाचे कारण डबीत ठेवू नये. कारण ठेवल्यास डबी रिकामी राहत नाही.

३. रिकाम्या डबीस कोणत्याही पायरीने काहीही विचारू नये.

४. अंतिम पायरीवर सर्व रिकाम्या डब्या काढून टाकण्यात याव्यात.

५. काढून टाकलेल्या डब्या मोजू नयेत. ज्यात काही नाही ते मोजणे हा मनुष्यबळाचा अपव्यय होय.

आता प्रोग्रामरबद्दल एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी, कारण पुढे तशी संधी येणार नाही. त्याला हे पटलेलं नव्हतं. त्याच फंक्शनल पद्धतीत याहून बरा मार्ग आहे हे त्याला माहीत होतं: डबीऐवजी दोन टोपल्या. नीट अर्ज उजव्या टोपलीत, चुकलेले डाव्या टोपलीत, आणि डावीतल्या प्रत्येक अर्जाला कारणाची चिठ्ठी. यादी थांबत नाही आणि माणूसही हरवत नाही. त्याने तसं लिहून दिलं. त्यावर बैठक झाली. बैठकीत पुढील शंका उपस्थित झाल्या: डावी टोपली रोज बघायची कोणी? बघणाऱ्याची वेतनश्रेणी काय? त्याने एखादा दिवस बघितली नाही तर जबाबदार कोण, आणि बघितली तर आणखी वाईट, मग पुढचं सगळं करायचं कोणी? डावी टोपली तक्त्यात दाखवावी लागेल का? दाखवली तर कोणत्या रंगात?

“लाल,” सल्लागार म्हणाले, आणि बैठक संपली.

बाहेर पडताना साहेबांनी प्रोग्रामरच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी भावना कळते रे मला. पण टोपली ठेवली की तिच्यात काहीतरी पडतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तुझ्या कायम होण्याच्या कागदावर मी परवाच शेरा मारलाय, चांगला.”

प्रोग्रामर टेबलाशी परत आला आणि त्याने ती ओळ लिहिली. रिकाम्या डब्या गाळणारी ओळ. चूक झेलायची, नोंदवायची, कळवायची म्हटलं असतं तर सदतीस ओळी लागल्या असत्या. ही एकच, आणि तीही अर्धी. लपवण्यात अर्थ नाही, ती त्याला आवडली. त्याने ती दोनदा वाचली, खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिली. विवेक गुंडाळून ठेवायचाच असेल तर निदान घडी नीट पडावी, एवढी आवड त्या धंद्यातल्या माणसाला असतेच.

त्याच दुपारी त्याने ‘डोळा ओळखा’ नावाची पायरीही नव्याने लिहिली. ऑपरेशन एका वेळी एकाच डोळ्याचं होतं, म्हणून त्या रकान्यात ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असेल तर डबी भरलेली. दुसरं काहीही असेल तर रिकामी.

निकाल थक्क करणारे होते. पहिल्या दिवशी यश शंभर टक्के. दुसऱ्या दिवशी शंभर टक्के. यादीच्या शेवटी जितके अर्ज उरत, तितक्या सगळ्यांना तारीख मिळे, आणि टक्केवारी उरलेल्यांवरच काढायची असल्यामुळे ती शंभराच्या खाली जायला जागाच नव्हती. तक्रारी? तक्रारींनाही हीच पद्धत लावण्यात आली. तक्रार आली की तिच्यावरचा अर्ज क्रमांक यादीत शोधायचा. यादीत नसेल तर तक्रारीची डबी रिकामी. आणि ज्याला तारीख मिळालेली नाही तो यादीत नसल्यामुळे, आणि जो यादीत आहे त्याला तारीख मिळालेली असल्यामुळे, तक्रारींची संख्या शून्यावर आली. अशा तऱ्हेने सुंठीवाचून खोकला गेला. तारवाले काका निवृत्त झाले, त्यांना एक पिशवी आणि एक घड्याळ देण्यात आलं. त्यांची तार भिंतीवरच राहिली. सलग शंभर दिवस शंभर टक्के यश मिळाल्याबद्दल वरिष्ठ कार्यालयाकडून मानपत्र येणार असं कळलं, तेव्हा चौकट टांगायला ही तार बरी पडेल, असं शिपाई म्हणाला.

प्रोग्रामरच्या आईला मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा-आठ महिन्यांत काढून टाका, फार पिकून कडक झाला की अवघड जातं, मग मी खात्री देणार नाही. अर्ज भरायला ती एकटीच गेली, मुलाला न सांगता. भरून आल्यावर सांगितलं.

“मला सांगायचंस ना,” तो म्हणाला. “मी तिथेच तर असतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं. पोरगा आत आहे म्हणून म्हातारी पुढे घुसली, असं कोणी म्हणायला नको. रांगेत उभी राहिले मी. छान बाई होती पुढे, तिने पेन दिलं. दोघींनाही धड दिसेना. ती माझा कागद वाचायची, मी तिचा. हसून हसून पुरेवाट झाली आमची. पेन परत द्यायचं राहिलंच बघ.”

“येईल तुझी तारीख. आमची यादी शंभर टक्के चालते.”

तो हे खोटं बोलला नाही. त्याचा त्यावर विश्वास होता. आकडा आपणच काढला असला की त्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

आई वाट बघत राहिली. दुसऱ्या महिन्यात तिने वर्तमानपत्र सोडलं. तिसऱ्या महिन्यात ती भिंतीला हात लावून चालायला लागली, आणि कोणी विचारलं की भिंत गार लागते, बरं वाटतं, म्हणायची. तिच्यानंतर महिनाभराने अर्ज केलेल्या समोरच्या घरातल्या बाईंचं ऑपरेशन होऊन त्या काळा चष्मा लावून पेढे न वाटता नुसतीच चौकशी करून गेल्या. पाचव्या महिन्यात आई कपात चहा ओतताना कपाच्या आत बोट धरायला लागली, किती भरला ते कळावं म्हणून. मुलाने दोनदा पाहिलं आणि दोनदा म्हणाला, “अगं, मी ओततो ना.” तिसऱ्यांदा तो घरी नव्हता. संध्याकाळी आला तेव्हा तिच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला फोड आले होते, आणि ती ते पदराखाली झाकून बसली होती.

“तुझी ती शंभर टक्केवाली यादी,” ती म्हणाली, “माझ्यापर्यंत कधी येणार रे?”

अर्जाला सात महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिचा अर्ज क्रमांक यादीत टाकला. ‘अशी नोंद नाही.’ नाकारलेल्यांच्या यादीत पाहावं, तर नाकारलेल्यांची यादीच नव्हती. ती परिपत्रकाने बंद झाली होती. शेवटी तो कपाटांकडे वळला. सातव्या कपाटातल्या गठ्ठ्यात तिचा अर्ज सापडला, निळ्या शाईत, ओळी खाली उतरत गेलेल्या. वय बरोबर. पत्ता बरोबर. पुढे छापील प्रश्न होता: ‘कोणत्या डोळ्याने कमी दिसते?’ आणि त्यापुढे आईच्या हातचं उत्तर होतं: ‘दोन्ही’.

तो तिथेच कपाटाला टेकून उभा राहिला. एकाच डोळ्याने कमी दिसणाऱ्याला तारीख, दोन्ही डोळ्यांनी कमी दिसणाऱ्याला रिकामी डबी. ज्याला गरज कमी तो पास, ज्याला गरज सगळ्यात जास्त तो नापास. हे कोणा दुष्ट माणसाने ठरवलेलं नव्हतं. एका दुपारी त्यानेच लिहिलं होतं, खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

मग त्याने विभागाच्या इतिहासात कोणीही न केलेली गोष्ट केली. त्याने वजाबाकी केली. आलेले अर्ज पाच हजार आठशे सेहेचाळीस. दिलेल्या तारखा पाच हजार चारशे चौतीस. फरक चारशे बारा.

जेवणाच्या सुट्टीत त्याने दोन टोपल्यांची ओळ लिहून काढली आणि चाचणी म्हणून चालवली. डावी टोपली एका क्षणात भरली. दोनशे अडुसष्ट ‘दोन्ही’. चौऱ्याण्णव जणांचं वय शब्दांत. पत्त्याच्या जागी ‘गिरणीच्या मागे, विचारलं की सांगतील’ असे एकोणपन्नास. एका गृहस्थांनी डोळ्याच्या रकान्यात ‘जो आधी होईल तो’ असं लिहिलं होतं. टक्केवारी आली त्र्याण्णव. त्याने चारशे बारा नावं छापून काढली आणि कागद घेऊन साहेबांकडे गेला.

साहेब मानपत्राच्या समारंभाची आसनव्यवस्था लावत होते. समारंभ शुक्रवारी होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चारशे बारा काय?”

“माणसं, साहेब. आपण गाळलेली.”

“कुठे लिहिलंय गाळली असं?”

“लिहिलेलं नाही. तोच तर घोळ आहे.”

“मग घोळही नाही. अरे, सात महिने यांच्यापैकी एकाची तरी तक्रार आहे का?”

“तक्रारीसुद्धा गाळतो आपण.”

“हं.” साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. “त्र्याण्णव टक्के काही वाईट नाही, हे मलाही कळतं. पण शंभरावरून त्र्याण्णव म्हणजे काय झालं ते तूच सांग. आधीचं खोटं होतं, एवढंच झालं. म्हणजे मानपत्र खोटं. म्हणजे मी खोटा. आणि तुझं कायम होण्याचं पत्र त्याच फाइलमध्ये आहे, समारंभानंतर निघायचं.”

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

“तुझ्या आईंचं नाव आहे का रे यात?”

“आहे.”

“मग वेड्या, आधी सांगायचंस की नाही! त्यांचं आत्ताच्या आत्ता हाताने दुरुस्त करून टाक. उजवा लिही. माणुसकी म्हणून काही चीज आहे की नाही?”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कोण?” साहेबांनी खरोखरच विचारलं, आणि कप उचलून एक घोट घेतला.

प्रोग्रामर जागेवर आला. आईचा अर्ज उघडला, ‘दोन्ही’ खोडलं, ‘उजवा’ लिहिलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. प्रोग्राम चालवला. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. मग त्याने दोन टोपल्यांच्या ओळीकडे पाहिलं. ती पुसून टाकायला त्याचा हात धजेना, म्हणून त्याने तिच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ओळ जागेवर राहते, पण चालत नाही. सदसद्विवेकबुद्धी जपून ठेवण्याची ही त्या धंद्यातली सर्वमान्य पद्धत आहे.

शुक्रवारी समारंभ झाला. साहेब भावुक झाले. सल्लागारांनी हे यश सगळ्यांचं आहे असं सांगून ते स्वतःच्या चित्रांत घातलं. मानपत्राची चौकट काकांच्या तारेला टांगण्यात आली; तार मजबूत होती, चौकट जराही हलली नाही. प्रोग्रामरला कायम केल्याचं पत्र मिळालं.

गुरुवारी आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला होता, पण निभावलं. दुसऱ्या डोळ्याचं सहा महिन्यांनी बघू. पट्टी निघाल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. समोरच्या गॅलरीत कोणाचे कपडे वाळत होते, त्यांतला एकेक रंग तिने मोठ्याने सांगितला. मग पिशवीत हात घालून तिने एक निळं पेन काढलं, टोपण चावलेलं.

“हे बघ, तिचं पेन. नाव विचारायला हवं होतं मी. तिनेही ‘दोन्ही’च लिहिलं होतं. तिनेच तर मला सांगितलं, खरं काय ते लिहा ताई, खोटं कशाला लिहायचं. तिचं माझ्या आधी झालं असेल ना रे? ती पुढे होती माझ्या.”

“झालं असेल,” प्रोग्रामर म्हणाला.

आईने उजवा डोळा त्याच्यावर रोखला.

“आता तुझं तोंड स्पष्ट दिसतं बरं का मला,” ती म्हणाली, आणि पेन परत पिशवीत ठेवून दिलं.

गोष्ट इथे संपते. आईला तारीख मिळाली तेव्हा वाचकांना हायसं वाटलं असेल. डोळा वाचला हे कळल्यावर तर जास्तच. तसं वाटणं स्वाभाविक आहे, आणि विभागाच्या दृष्टीने अत्यंत समाधानकारकही आहे. चारशे बारातून एक वजा जाता राहिले चारशे अकरा, आणि ते त्या वेळी आपल्या हातात होते. आपण त्यांना काहीही विचारलं नाही, मोजलं नाही, आणि पुढच्या परिच्छेदावर गेलात. परिपत्रकाची पाचही कलमं आपण एका बैठकीत, कोणीही न शिकवता, तंतोतंत पाळलीत. विभागात प्रोग्रामरची कंत्राटी जागा रिकामी झाली आहे. अर्ज करावा. कोणत्या डोळ्याने कमी दिसते, तेवढं मात्र एकच लिहावं.